मावळतीच्या भिंतीतली थंडी

आमच्या गावचं जुनं पोस्ट ऑफिस ज्या साहेबानं बांधलं, तो वाघाला भीत नव्हता. वाघ रांगेत पहिला येऊन बसतो, याचा त्याला त्रास होता. पटत नसेल तर इमारतीचं जोतं पाहून या. कंबरेच्या वर जाणारं काळ्या दगडाचं जोतं. समुद्रपूर तालुक्यातल्या एवढ्याशा गावात इतकं उंच जोतं कशाला? नदी लांब, पूर कधी येत नाही. कारण एकच, गिरडच्या जंगलातून वाघ यायचा आणि खिडकी उघडायच्या आधीच व्हरांड्यात जागा धरायचा. लोक त्याच्या मागं मुकाट्यानं उभे. त्याला 'पुढं सरक' म्हणणार कोण? टपाल तुंबायचं. म्हणून साहेबानं जोतं उंच केलं. वाघ तरीही चढला. पण नेमका तेव्हा आत पोस्टमास्तर शिक्के मारत होता, ठप ठप, ठप ठप. वाघाला वाटलं, आत आपल्याहून मोठं जनावर पाय आपटून राह्यलं. गेला तो गेलाच.

त्याच व्हरांड्यात बसून ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगितली. मी पोस्टातला माणूस नव्हे. एसटीत कंडक्टर होतो, तिकिटं फाडता फाडता गोष्टी सांगायची सवय लागली आणि रिटायर झाल्यावर ती सवय घेऊन कुठं बसावं हा प्रश्न पडला. पोस्टाचा व्हरांडा त्यासाठीच बांधल्यासारखा होता. सागाच्या काळपट खांबांची ओळ, वर उतरतं कवेलूचं छप्पर, खाली थंडगार फरशी. आतल्या भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा निजावा. छताजवळ दोरीनं उघडायचे झरोके. पैसे द्यायच्या खिडकीला पितळी गज, लोकांच्या हातांनी घासून घासून पिवळेधमक. पेन्शनचे म्हातारे, मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या बाया, सगळे तासन् तास थांबायचे. थांबायला जागा होती म्हणून थांबायचे, आणि थांबायचे म्हणून माझं ऐकायचे.

मग पोस्ट बस स्टँडमागच्या एका गाळ्यात गेलं. शटर, ट्यूबलाइट, पंखा. माणूस आत जातो, काम होतं, बाहेर उन्हात येतो आणि घरी जातो. गाळ्याला व्हरांडा नाही. जुन्या इमारतीला कुलूप लागलं. तिथं दुपारच्या बकऱ्या येऊन बसतात आणि मी. बकऱ्यांना वाघाची गोष्ट आवडत नाही.

धुरपता, माझी बायको, होती तोवर घरी एक ऐकणारी होती. मी सांगत असलो की ती स्वयंपाकघरातून मधेच खोकायची. तिचा खोकला म्हणजे 'इथून पुढं फेकाफेक सुरू' अशी सूचना. ती गेल्यापासून माझ्या गोष्टींना अडवणारं कोणी नाही, त्यामुळं त्या जरा वाढल्या. पोरगा धम्मदीप पिपरी मेघेला राहतो. रविवारी त्याचा फोन येतो. 'बाबा, जेवले काय?' 'जेवलो.' एवढ्यात फोन संपतो. त्याच्याकडं राहून पाहिलं. तिसरा मजला. जिन्यात भेटणारा माणूस एक पाय पुढच्या पायरीवर ठेवूनच बोलतो. परत आलो.

तर फाल्गुनात, ऊन नुकतं टोचायला लागलं होतं, तेव्हा बसमधून एक पोरगी उतरली. खांद्याला लांबलचक पिशवी, काखेत चित्रं काढायचा लाकडी पाटा, हातात पोस्टाची किल्ली. नाव अंकिता, राहणारी सिंदी मेघेची, शिकायला नागपूरला. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आपल्या जिल्ह्यातली एखादी जुनी इमारत पायापासून आढ्यापर्यंत मोजायची आणि तिचे नकाशे काढायचे असा त्यांचा नेम असतो म्हणे. तिच्यासोबत आदेश नावाचा एक पोरगा येणार होता, तो टायफॉइडनं झोपला. लाल ठिपका पाडून एकट्यानं मोजायची मशीन असते, पण कॉलेजात ती एकच आणि ती दुसऱ्यांनी नेलेली. टेपला दोन टोकं असतात. तिनं इकडंतिकडं पाहिलं. बकऱ्या होत्या आणि मी.

"आबाजी, दुसरं टोक धरता काय जरा?"

इतकी सोपी नोकरी मला जन्मात कोणी दिली नव्हती.

व्हरांड्यासमोर कडुलिंबाखाली मनकर्णाबाईचं चहाचं दुकान आहे. तिथून तिनं ओरडून पोरीला सावध केलं, "श्रावणभाऊच्या गोठी आयकत बसू नको वो बाई, बस चुकंन." पण पोरगी ऐकणारी निघाली. वाघाची गोष्ट ऐकून हसली. चुन्यात बेलफळ, गूळ आणि उडीद घालायचे हे मी सांगितलं तर मान हलवली, तिच्या पुस्तकातही तसंच होतं. खरं सांगून मला चैन पडत नाही. मी पुढं सांगितलं की त्या गुळापायी मुंगळ्यांनी इमारतीचा एक कोपरा दगडांसकट बिळात ओढून नेला आणि साहेबाला पोलीस पाठवून तो परत आणावा लागला. ती एवढी हसली की वाचलेला आकडा विसरली, टेप पुन्हा लावावा लागला. मला वाटलं, बरं काम आहे.

उन्हं कलताना तिनं सामान आवरायला घेतलं. मी विचारलं, कशी वाटली इमारत? ती म्हणाली, छान आहे, पण साधी आहे. त्या काळात सरकारी नकाशा ठरलेला असे आणि एका साच्यातून काढल्यासारख्या इमारती बांधत, त्यातलीच ही. बाहेरून लांबीचं एक माप राहिलं, ते घेतलं की उद्या यायची गरज नाही.

एका वाक्यात तिनं दोन गोष्टी केल्या. माझा वाघ, माझे मुंगळे, सगळं साच्यात घातलं. आणि उद्या काढून घेतला.

शेवटचं माप समोरून होतं. टेपचं टोक घेऊन मी मावळतीच्या कोपऱ्यावर गेलो. तिथं कोपऱ्याआड उभं राहिलं की माणूस तिकडून दिसत नाही. टोक दगडाच्या धारेवर टेकवायचं होतं. माझा हात धारेच्या पुढं गेला आणि हवेत एक वीत जाऊन थांबला.

"धरलं काय, आबाजी?"

"धरलं."

कुठं धरलं ते तिनं विचारलं नाही.

पायरीवर बसून तिनं हिशेब जुळवला. बाहेरची लांबी, आतल्या खोल्या, भिंतींच्या जाड्या. सगळं जुळलं, फक्त मावळतीची भिंत एक वीत जास्त भरत होती. कुठं तरी चुकलं, म्हणाली. उद्या परत यावं लागेल. त्या संध्याकाळी मी वांग्याची भाजी केली. एकट्यासाठी मी वांगी चिरत नसतो.

दुसऱ्या दिवशी तिनं समोरून पुन्हा मोजलं. मग मागच्या अंगानंही मोजलं. दोन्ही वेळा मावळतीचा कोपरा माझ्याकडं होता. दोन्ही वेळा वीतभर जास्त. ती त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. मावळतीच्या भिंतीला दार नाही, खिडकी नाही, त्यामुळं तिची जाडी सरळ मोजता येत नाही. तिनं भिंतीवर तळहात ठेवला आणि मला विचारलं, या भिंतीबद्दल काही ठाऊक आहे काय?

आता असं कोणी विचारल्यावर मी गप्प बसेन काय?

मी सांगितलं की या भिंतीत थंडी भरून ठेवायचे. साहेबाच्या मडमेला इकडचं ऊन सोसेना, म्हणून साहेबानं भिंतीच्या पोटात पोकळी ठेवली. पौषात पहाटे झरोके उघडायचे, थंडी आत आली की दोरी ओढून बंद करायचे. मग वैशाखात लागेल तशी थोडी थोडी सोडायची. एकदा एका आळशी पोस्टमास्तराकडून दोरी सुटली आणि भर वैशाखात सगळी थंडी एकदम बाहेर आली. पोस्टमनच्या मिशीवर दव जमलं. मनीऑर्डर घेणाऱ्या बायांची बोटं आखडली, अंगठा उमटेना.

ती हसली नाही. तिथंच मी भ्यायला हवं होतं.

ती हळूहळू म्हणाली, "पोकळी. आबाजी, हवेची पोकळी. मावळतीचं ऊन आत येऊ नये म्हणून दोन भिंती, मधात हवा." अशा भिंतींबद्दल तिनं वाचलं होतं. पण एवढ्या जुन्या, एवढ्या साध्या पोस्टात तशी भिंत कोणाला सापडली नव्हती. मग तिनं जे म्हटलं ते ऐकून माझी छाती फुगली. "म्हणजे हे साच्यातलं नाही."

तिनं सरांना फोन लावला. सर दुसऱ्या दिवशी यायला तयार झाले, सोबत ड्रिलवाला माणूस. भिंतीला करंगळीएवढं भोक पाडून आत काय आहे ते पाहणार. जाता जाता ती मला सांगत होती की वर्गात तिचं नाव शेवटी येतं. इतक्या वर्षांत सरांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही, 'तू, मागची' म्हणायचे. आणि आज फोनवर म्हणाले, 'अंकिता, तिथलं काही हलवू नको.' ती ते वाक्य दोनदा म्हणाली. घरी फोन करून आईलाही सांगितलं म्हणे.

त्या संध्याकाळी मी काही चिरलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती पहिल्याच बसनं आली. इस्त्रीचा कुर्ता, केस नीट बांधलेले. मी आधी माझ्या पद्धतीनं रस्ता काढून पाहिला. म्हटलं, भिंतीत नाग राहतो, ड्रिल मारलं तर डूख धरेल. ती म्हणाली, ड्रिलवाल्याला सांगून ठेवते. म्हटलं, सरांना उन्हाचा त्रास होईल, पावसाळ्यानंतर बोलाव. ती म्हणाली, सर निघाले सुद्धा.

मग मात्र उपाय राहिला नाही.

"पोरी, भिंतीत काई नाई."

"कालच तर तुम्ही सांगितलं."

"ते फेकली होती मी. मापबी मीच बिघडवलं. टोक कोपऱ्याच्या बाहेर धरत होतो."

ती खळखळून हसली. "आबाजी, तुम्ही तर कमाल आहात. सर यायच्या टायमाला मले घाबरवून राह्यले काय?"

"खरं सांगून राह्यलो."

"समोरून आणि मागून सारखंच जास्त आलं. चूक दोन्हीकडं सारखी कशी येईल?"

मी पंजा ताणून तिच्यासमोर धरला. "वीत एकच हाये माझ्यापाशी."

तिनं पंजाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा हसली, पण या वेळी थोडं कमी. वाघ तिनं अर्धा मानला होता, मुंगळे पाव, थंडी मात्र पूर्ण. आणि सरळ सांगितलेली एकच गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरत नव्हती. धुरपता असती तर याच एका वाक्याला ती खोकली नसती.

मला दुसरा मार्ग दिसला नाही. मी मनकर्णाबाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. मी म्हटलं, टेपचं टोक तुम्ही धरा.

"काऊन? तुमचे हात गेले काय?"

"धरा तुम्ही. कोपऱ्याच्या दगडावर धरा, बरोब्बर धारेवर."

टेपचं टोक मी तिच्या हातात दिलं आणि पायरीवर जाऊन बसलो. रिकाम्या हातांचं काय करायचं ते सुचेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले. पाठीमागून दोघींचे आवाज येत होते. धरलं काय, मावशी? धरलं वो बाई. मग मागच्या अंगानं. धरलं काय? धरलं. मनकर्णाबाईनं टोक दगडाच्या धारेवर टेकवलं ते टेकवलंच. तिचं डोकं सरळ आहे.

अंकिता खाली बसली आणि बेरजा केल्या. पुन्हा केल्या. मग पेनाला टोपण लावलं. मावळतीची भिंत बाकी भिंतींएवढीच होती, साच्यातली.

फोन घेऊन ती व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. मला तिची पाठ दिसत होती. 'सर' एवढा एक शब्द ऐकू आला, नंतर ती नुसतीच ऐकत होती. इस्त्रीच्या कुर्त्यावर पाठीमागून घामाची रेघ आली होती. परत आल्यावर तिनं मनकर्णाबाईला सांगितलं, मला नाही. सरांची गाडी जाम गावच्या चौकापर्यंत आली होती, तिथूनच परत वळली. ड्रिलवाल्याचा दिवस फुकट गेला. आधी टेप धरायला शीक, असं सर म्हणाले. मग ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलली, "आता माझं नाव नाही विसरायचे ते."

मनकर्णाबाईनं तिला चहा दिला. तिनं तो अर्धा प्यायला आणि पहिल्यांदा माझ्याकडं वळली.

"काऊन केलं असं, आबाजी?"

माझ्याजवळ उत्तरं कमी नव्हती. जराही विचार न करता मी म्हटलं, "हात थरथरते पोरी, वयापायी."

"त्याईचा हात काई थरथरत नाई," मनकर्णाबाई म्हणाली. "त्याईले गोठी आयकाले माणूस लागते. आमच्या तं साऱ्या पाठ झाल्या."

मी बकऱ्यांकडं पाहिलं. उरलेला चहा पोरीनं पिऊन टाकला, कप धुऊन ठेवला आणि राहिलेली मापं घ्यायला आत गेली. झरोके, कोनाडे, पितळी गज. मनकर्णाबाई मदतीला. दुकानावर गिऱ्हाईक आलं की ती जायची आणि पोरगी एकटीच टेपच्या टोकावर दगड ठेवून मोजायची. मला कोणी बोलावलं नाही. मीही उठलो नाही.

दुपारनंतर ती रस्त्यापलीकडं, कडुलिंबाच्या सावलीत, पाटा मांडीवर घेऊन बसली आणि इमारतीचं समोरचं चित्र काढू लागली. मी चहाचं निमित्त करून रस्ता ओलांडला आणि मागून डोकावलो. काय काढलं होतं! जोत्याचा दगड न् दगड, खांब, कवेलूची उतरण, खिडकी. पोस्टच ते. पायऱ्या कोऱ्या, व्हरांडा रिकामा, आत चिटपाखरू नाही. मी रोज तिथं बसतो आणि इमारत समोरून अशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं.

तिला माझी सावली दिसली असावी. मागं न वळता ती म्हणाली, "इथं एक माणूस काढावा लागतो."

मी विचारलं, कोणता माणूस?

"कोणताही. उंची समजायला. माणूस नसला तर खांब केवढा ते कळत नाही."

तिनं मनकर्णाबाईकडं पाहिलं. मनकर्णाबाई म्हणाली, माझं दूध उतू जाते. पोरीनं रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या. ऊन असं होतं की कुत्रंही फिरकत नव्हतं. शेवटी तिची नजर माझ्यावर आली आणि थोडा वेळ तिथंच राहिली. ती अजून रागावलेलीच होती, ते मला दिसत होतं.

"त्या मधल्या खांबापाशी जा, आबाजी."

"बसून जमंन काय? मी तं बसलेलाच राहतो."

"उभंच लागते."

मी जाऊन उभा राहिलो. धोतर झटकलं, टोपी नीट केली. तेवढ्यात ती टेप घेऊन आली, म्हणाली, नुसतं अंदाजानं काढत नाही, माप घेते. मनकर्णाबाईनं पुढं येऊन टोक माझ्या पायाशी धरलं. पोरीनं टेप वर ओढला. इमारतीचं सगळं मोजून झालं होतं, आता माझी पाळी. मी सांगितलं, साडेपाच फूट लिही, एसटीत भरती होताना तेवढंच भरलं होतं.

टेप माझ्या कानाजवळ थांबला. ती खाली पाहत होती.

"टाचा टेका, आबाजी."

मनकर्णाबाई खाली वाकलेली होती, ती तशीच हसायला लागली. मी टाचा टेकल्या. टेप जिथं थांबला तो आकडा पोरीनं वाचला. पाच फूट दोन. माझ्यासमोर तिनं तो लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

"आता हलू नका."

ती रस्त्यापलीकडं जाऊन बसली. मी समोर पाहत राहिलो. एक डोळा बारीक करून ती माझ्याकडं पाहायची, मग कागदाकडं, पुन्हा माझ्याकडं. एवढा वेळ कोणाच्या नजरेसमोर गप्प राहिल्याचं मला आठवत नाही. कंबर दुखायला लागली. कपाळावरून घाम नाकावर आला, मी तो पुसला नाही. वाऱ्यानं कडुलिंबाची पानं तिच्या कागदावर पडली की ती फुंकून टाकायची.

इतक्यात वर्ध्याच्या बसचा हॉर्न वाजला. ती धडपडून उठली, कागद गुंडाळला, पिशवीत पट्टी कोंबली. "डोक्यापासून कंबरेपर्यंत झालं," ती पळता पळता म्हणाली, "बाकी घरी करते." मनकर्णाबाईनं पैसे घेतले नाहीत, त्यावरून तिथं थोडी ओढाताण झाली. मग बसच्या पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

"येते, आबाजी."

सगळेच जाताना असं म्हणतात. बसनं धूळ उडवली, ती खाली बसायला वेळ लागला. धूळ बसली तेव्हा रस्ता मोकळा होता. बकऱ्या एकेक करून पायऱ्या चढल्या आणि माझ्या आजूबाजूला आपापल्या जागी बसल्या.

मनकर्णाबाईनं समोरून आवाज दिला, "गेली ते. बसा आता, भाऊ."

मी खांबापासून हललो नाही.

"थांबा ना जरा," मी म्हटलं. "माझे पाय काढायचे राह्यले."